दोन कुलपांचं कॅथीड्रल

त्या कॅथीड्रलच्या तळघरात आम्ही सलग पाच वर्षं गणपती बसवला. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. जर्सी सिटीत आम्हा मराठी मंडळींची संख्या एका हॉलमध्ये मावेल एवढीच होती, पण तो एक हॉलसुद्धा मिळता मिळत नसे. शाळावाले उदबत्ती लावू देत नसत. या कॅथीड्रलच्या लोकांना मात्र धुराचं वावडं नव्हतं. वरच्या मजल्यावर त्यांचा स्वतःचाच ऊद इतका जळायचा की आमच्या दोन उदबत्त्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

ही माणसं पूर्व युरोपातल्या एका लहानशा देशातली. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यातले बरेचसे आता हयात नाहीत, आणि जे आहेत त्यांना हा विषय अजून सहन होत नाही. महायुद्धानंतर तो देश सोव्हिएत रशियाने गिळला होता. माझ्या मुलीच्या शाळेच्या नकाशात तो शोधायला गेलं तर सापडत नसे. त्यांचं तिकडचं मुख्य देऊळ पाडून तिथे बसचा डेपो केला होता आणि त्यांचा झेंडा घरात सापडला तरी तुरुंग होता. म्हणून देव आणि झेंडा दोन्ही इथे, जर्सी सिटीतल्या या विटांच्या इमारतीत, राहायला आले होते. साबणाच्या कारखान्यात आणि रेल्वेच्या यार्डात राबणाऱ्या त्यांच्या आज्या-पणज्यांच्या पिढीने शतकाच्या सुरुवातीला ते बांधलं होतं. मधला मोठा कांद्याच्या आकाराचा घुमट, त्यावर हिरवा पडलेला तांब्याचा पत्रा. आत भिंतींवर संतांच्या रांगेतच त्यांचे जुने राजे रंगवलेले, आणि वेदीच्या उजवीकडे तो बंदी असलेला झेंडा. देश कुठे संपतो आणि धर्म कुठे सुरू होतो हे त्या इमारतीत उभं राहून सांगता आलं नसतं.

मी नागपूरहून सिव्हिल इंजिनियरिंग करून, लग्न होऊन इकडे आलेली. बारा माणसांच्या एका लहान फर्ममध्ये आधी ड्रॉइंग काढायला लागले, मग इथला परवाना मिळवून इंजिनियर झाले. जुन्या इमारतींची तपासणी हे आमचं मुख्य काम. ऑफिसच्या जिन्यात मी कपाळावरची टिकली काढून पर्सच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवायची. त्या काळात आमच्या भागात टिकली पाहून गाडीतून ओरडणारी, बाटल्या फेकणारी पोरं फिरत, आणि मला साइटवर एकटीला जावं लागे.

कॅथीड्रलचा राखणदार सत्तरीचा होता. उंच, वाकलेला, उजव्या हाताचं एक बोट कारखान्यातल्या मशीनने नेलेलं. आमच्या आरतीला तो शेवटच्या खुर्चीवर किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बसायचा. पहिल्या वर्षी त्याने मला विचारलं होतं, "पाच दिवसांनी या देवाचं काय करता?"

"पाण्यात सोडतो."

"स्वतःच्या हातांनी?"

"हो. पुढच्या वर्षी नवा आणतो."

त्याने मांडीवरच्या किल्ल्या सारख्या केल्या. मग म्हणाला, "आमचा दुसऱ्यांनी बुडवला. आम्ही चाळीस वर्षं काठावर उभे आहोत."

त्याची बायको ठेंगणी, लाल गालांची, डोक्याला कायम रुमाल बांधलेली. ती दरवर्षी खसखशीचा पाव करून आणायची. तुमच्या देवाला अंडं चालतं का, हे तिने आधी विचारून घेतलं होतं. तो पाव आम्ही मोदकांशेजारी ठेवायचो.

मग त्यांचा म्हातारा बिशप वारला, आणि सगळं बिनसलं.

भांडण नीट सांगायचं तर असं होतं. मायदेशातलं त्यांचं मूळ चर्च अजून जिवंत होतं, पण सरकारच्या मुठीत. त्या चर्चने नवा बिशप पाठवायची तयारी दाखवली. निम्मे लोक म्हणाले, घ्यायलाच हवा. हजार वर्षं एका बिशपने दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवत हे चालत आलंय, ती साखळी तुटली तर आपले बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी सगळे खोटे ठरतील. उरलेले निम्मे म्हणाले, ते बिशप नव्हेत, गुप्त पोलिसांचे कारकून आहेत. त्यांना या दारातून आत घेतलं तर उरलेला देशही गेला. नवा बिशप आला. एका रविवारी निम्मी माणसं आत प्रार्थनेला बसली आणि निम्मी बाहेर पायऱ्यांवर पाठ करून उभी राहिली. पुढच्या आठवड्यात बाहेरच्यांनी दाराला कुलूप घातलं. आतल्यांनी त्याच कडीला दुसरं घातलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि न्यायाधीशांनी हुकूम दिला की मालकी ठरेपर्यंत दोन्ही कुलपं तशीच राहतील, आणि एका बाजूने दुसरीशिवाय दार उघडायचं नाही.

आमच्या मंडळाची मीटिंग एका डॉक्टर काकांच्या घरी झाली. ते सगळ्यांत आधी इकडे आलेले, त्यांचा शब्द शेवटचा.

"आपण कशाला त्यांच्यात पडायचं?" काका म्हणाले. "बुकिंग कॅन्सल करा. पिस्कॅटवेला शाळेचा कॅफेटेरिया मिळतोय. पार्किंगही आहे."

"काका, पण त्या लोकांनी आपल्याला इतकी वर्षं..." मी म्हणाले.

"अगं, आपण पाहुणे. घरातलं भांडण सुरू झालं की पाहुण्याने उठायचं असतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

दोन हिवाळे इमारत बंद राहिली. मग दोन्ही बाजूंचे वकील एकमेकांवर आरोप करू लागले की तुमच्यामुळे देखभाल होत नाही, घुमट गळतोय. न्यायाधीशांनी त्रयस्थ इंजिनियरकडून तपासणी करून घ्यायचं ठरवलं आणि ते काम आमच्या फर्मकडे आलं. माझ्या बॉसने फाइल माझ्या टेबलावर ठेवली. तो साठीचा, शांत, मोजकं बोलणारा अमेरिकन माणूस होता.

"तू ती इमारत आतून पाहिली आहेस," तो म्हणाला, "आणि तुझं त्यांच्यात कुणी नाही. दोन्ही बाजूंना चालशील."

ठरलेल्या सकाळी मी हेल्मेट आणि टॉर्च घेऊन दाराशी उभी होते. कोपऱ्यावरून राखणदार आणि त्याची बायको येताना दिसली, शेजारी शेजारी, म्हाताऱ्या माणसांच्या सावकाश चालीने. मला आनंद झाला. दारापाशी आल्यावर त्याने खिशातून एक किल्ली काढली आणि वरचं कुलूप उघडलं. ती थांबली होती. त्याचं झाल्यावर तिने आपल्या पिशवीतून दुसरी किल्ली काढली आणि खालचं उघडलं. दोन्ही गटांनी आपापली किल्ली जवळ राहणाऱ्या भरवशाच्या माणसाकडे दिली होती, आणि ती दोन माणसं नवराबायको होती. सकाळी एकाच टेबलावर चहा पिऊन, एकच दार ओढून घेऊन ती निघाली होती. पण कॅथीड्रलच्या उंबऱ्यापासून पुढे ती एकमेकांशी एक अक्षर बोलली नाहीत.

आत कबुतरांच्या विष्ठेचा आणि ओल्या चुन्याचा वास होता. प्रार्थनेचं पुस्तक ज्या पानावर उघडं राहिलं होतं तसंच पडलं होतं, पान फुगलेलं. वर घुमटात येशूचा भला मोठा चेहरा रंगवलेला होता. त्याच्या डाव्या डोळ्याचा गिलावा सुटून खाली पडला होता. बायकोने ते तुकडे रुमालात वेचायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं, कारण कोर्टाचा हुकूम होता की काहीही हलवायचं नाही. तिने रुमाल झटकून तुकडे परत जमिनीवर, होते तिथेच, एकेक करून ठेवले.

राखणदाराबरोबर मी गोल जिन्याने वर गेले. घुमट ज्या विटांच्या गोल भिंतीवर उभा होता, तिच्या पोटात लोखंडी कडं बसवलेलं होतं. लाकडी पिंपाला बाहेरून पट्टी आवळलेली असते, तसं ते घुमटाला पसरू देत नाही. तांब्याचा पत्रा फाटून कैक वर्षं पाणी झिरपत होतं, कडं गंजलं होतं, आणि गंजून फुगलेल्या लोखंडाने विटा आतून फोडल्या होत्या. एका भेगेत राखणदाराने बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

मी भेगांवर आडव्या काचेच्या पट्ट्या गिलाव्याने चिकटवल्या आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. भेग हलली की काच तडकते, इतकी साधी ही युक्ती. तीन आठवड्यांनी आम्ही तिघं पुन्हा गेलो. वर चढून मी टॉर्च मारला. बहुतेक सगळ्या काचा तडकल्या होत्या.

"वाचेल?" राखणदाराने विचारलं.

"वाचेल," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. "बाहेरून नवं पोलादी कडं घालायचं, पत्रा शिवायचा. पण हिवाळ्याच्या आत. पाणी आत गोठलं की भेगा दुप्पट होतात."

त्याने घुमटाच्या आतल्या बाजूला तळवा टेकवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि जिना उतरू लागला.

मी रिपोर्ट दिला. दुरुस्ती कशी करायची, कुठून सुरू करायची, सगळं ड्रॉइंगसह. दोन्ही बाजूंना तो मान्य झाला. मला वाटलं, झालं काम. पण शहराच्या बांधकाम खात्याचा परमिटचा फॉर्म असतो, त्यात एक चौकोन असतो: मालकाची सही. मालक कोण, हाच तर खटला होता. न्यायाधीश म्हणाले, दोघांनी मिळून करा. दोन्ही वकिलांनी आपापल्या लोकांना सल्ला दिला की शेजारी दुसऱ्याची सही चालवून घेतली तर त्याची मालकी मान्य केल्यासारखं होईल. दोन्ही बाजूंनी नकार कळवला. त्यांची पत्रं इतकी सारखी होती की मी पाकिटं पाहूनच कुणाचं कोणतं ते ओळखलं.

घरी मी यावरून चिडचिड करत राहिले. आमचे हे मॅनहॅटनला नोकरीला, थकून येत. "तू रिपोर्ट दिलास ना? तुझं काम संपलं," ते म्हणायचे. मुलगी आठ वर्षांची होती. तिने एकदा जेवता जेवता विचारलं, "आई, इज इट गोइंग टू फॉल?" मी म्हणाले, नाही गं, आपण पडू नाही देणार. आपण, असं मी म्हणाले.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी मी त्या नवराबायकोच्या घरी गेले. बॉसला सांगितलं नाही. त्रयस्थ इंजिनियरने असं कुणाच्या घरी जायचं नसतं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली होती, एकेका गटाचं एकेक. सणवार दोन्हीवर त्याच तारखांना. तिने मला चहा दिला, पाव कापला.

मी फॉर्म टेबलावर ठेवला. "तुम्ही दोघांनी आपापल्या लोकांना सांगितलं तर ते ऐकतील," मी म्हणाले. "तुमच्या हातात किल्ल्या आहेत. एका कागदावर दोन सह्या, बस. खटला चालू द्या हवा तर दहा वर्षं. घुमट तेवढा वाचू द्या."

राखणदाराने फॉर्म वाचला. चष्मा काढला.

"माझे वडील धर्मगुरू होते," तो म्हणाला. "गावातल्या दुसऱ्या धर्मगुरूने त्यांचं नाव पोलिसांना दिलं. ज्या रात्री त्यांना नेलं त्यानंतर कुणी त्यांना पाहिलं नाही. तो नाव देणारा माणूस पुढे बिशप झाला. त्यानेच या नव्या बिशपच्या डोक्यावर हात ठेवलाय. तू म्हणतेस त्या कागदावर त्या हाताशेजारी माझी सही."

मी बायकोकडे पाहिलं. ती टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होती.

"माझी बहीण तिकडेच राहिली," ती म्हणाली. "मागच्या वर्षी गेली. तिच्या शेवटच्या वेळी जो धर्मगुरू आला तो याच बिशपच्या हाताखालचा. यांचे लोक म्हणतात तो धर्मगुरूच नव्हे. मग माझी बहीण कशी गेली? कुणी प्रार्थना न म्हणता पुरली तिला, कुत्र्यासारखी? मी असं लिहून देऊ?"

"असं लिहायचं नाहीये यात," मी म्हणाले. "हा नुसता दुरुस्तीचा फॉर्म आहे."

"मुली," राखणदार म्हणाला, आणि त्याचा आवाज फार मऊ होता, "आमच्याकडे नुसता असा कागद नसतो."

मी राखणदाराला म्हणाले, त्यांच्या बहिणीचा तरी विचार करा. तो म्हणाला, ती बहीण मला फार आवडायची. मी त्याच्या बायकोला म्हणाले, त्यांच्या वडिलांचं असं झालं. ती म्हणाली, मला माहीत आहे, त्यांच्या नावाने मी रोज मेणबत्ती लावते. दोघंही खरं बोलत होती. कुणी हट्टी असतं, कुणी मूर्ख असतं, तर मला काहीतरी करता आलं असतं. निघताना तिने उरलेला पाव फॉइलमध्ये बांधून माझ्या हातात दिला.

यानंतर मी जे केलं ते मला नीट सांगायला हवं.

कोर्टाने हिवाळ्याच्या तोंडावर एक पुरवणी रिपोर्ट मागवला. मी ठरवलं की या लोकांना घाबरवायचं. मी लिहिलं की इमारतीपासून जीविताला तात्काळ धोका आहे. बॉसने मसुदा वाचला आणि त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली.

"गंभीर लिही," तो म्हणाला. "तात्काळ नको."

"गंभीर मी आधीच लिहिलं होतं. काही झालं नाही."

"तात्काळ हा शब्द कोर्टासाठी नसतो. तो शहराच्या खात्यासाठी असतो. तो शब्द एकदा बाहेर पडला की तू ठरवायचं काही उरत नाही."

"पण त्याने ते सही करतील."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "परवाना तुझा, सही तुझी," तो म्हणाला. मी सही केली.

सही कुणीच केली नाही, त्यांच्यापैकी. जानेवारीत आठवडाभर कडाक्याची थंडी पडली, मग एक ऊबदार दिवस आला, आणि दुपारी तांब्याच्या पत्र्याचा एक तुकडा विटांसकट फूटपाथवर कोसळला. कुणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी शहराच्या खात्याने कोर्टातून माझा रिपोर्ट मागवून घेतला आणि आठवड्याच्या आत पाडून टाकण्याचा हुकूम काढला. फक्त घुमट नव्हे, पूर्ण इमारत, कारण घुमट काढला की भिंती उभ्या राहतील याची हमी द्यायला कुणी तयार नव्हतं. हुकुमात माझं वाक्य जसंच्या तसं होतं. खात्यातल्या एका अधिकाऱ्याने मला फोन करून आभार मानले. इतक्या स्पष्टपणे लिहिणारे इंजिनियर कमी असतात, असं म्हणाला.

त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही गटांचे वकील एका बाजूला उभे राहिले. त्यांनी हुकुमाला स्थगिती मागितली. मला साक्षीला बोलावलं. कोर्टाची खोली भरलेली होती, मधल्या वाटेच्या डावीकडे एक गट, उजवीकडे दुसरा. राखणदार डावीकडे, त्याची बायको उजवीकडे, दोघं वाटेच्या कडेला, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर.

मी ठरवून गेले होते की सांगायचं: आधार देऊन, बाहेरून बांधून, अजूनही वाचवता येईल. एका वकिलाने तो प्रश्न विचारला आणि मी तसं सांगितलं. मग न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तात्काळ धोका असं लिहिलं होतं. त्यानंतर विटा पडल्या आहेत. शेजारून मुलं शाळेत जातात. तो शब्द तुम्ही आज मागे घेता का?"

मागे घेतला असता तर मी खोटं लिहिलं होतं असं झालं असतं, आणि परवाना गेला असता. पण खरं सांगायचं तर परवान्याचा विचार नंतर आला. आधी डोळ्यांसमोर आल्या त्या तडकलेल्या काचा. नोव्हेंबरात जो शब्द मी फक्त भीती घालायला वापरला होता, तो जानेवारीपर्यंत खरा झाला होता.

"नाही," मी म्हणाले. "मागे घेत नाही."

राखणदाराने मान खाली घातली. त्याची बायको मात्र माझ्याकडे बघत राहिली, रागाने नव्हे, परक्या गावात रस्ता विचारावा आणि समोरच्याला भाषा कळू नये तेव्हा माणूस बघतो तशी.

स्थगिती नाकारली गेली. आतल्या वस्तू काढायला चार दिवस मिळाले. मूर्ती नव्हत्याच त्यांच्याकडे, लाकडावर रंगवलेली चित्रं होती, संतांची. वकील याद्या करत होते. सगळं कोर्टाच्या ताब्यातल्या एका गोदामात जाणार होतं. वेदीमागचं मोठं चित्र, ज्यात कडेवर मूल घेतलेली माता होती, ते मायदेशातून कुणीतरी गोधडीत गुंडाळून आणलेलं. चार कामगारांनी ते खाली उतरवलं तेव्हा दोन्ही गटांच्या बायका पुढे आल्या आणि कामगारांच्या हातातल्या त्या चित्राच्या कडेला ओठ टेकवत गेल्या. रांग एकच होती. पण दोन बायकांच्या मध्ये प्रत्येक वेळी कुणीतरी रुमालाने ती कड पुसून घेत होतं.

पाडायच्या दिवशी मला जायची गरज नव्हती. मी गेले. रस्ता बंद केला होता. लोक दोन फूटपाथांवर वाटले गेले होते. इकडच्यांनी एक स्तोत्र म्हणायला घेतलं. थोड्या वेळाने तिकडच्यांनीही घेतलं. तेच होतं ते. शब्द मला कळत नव्हते, पण चाल कळत होती. एक बाजू सतत एक ओळ मागे राहिली. कुणी थांबून दुसऱ्यांना गाठू दिलं नाही. क्रेनचा गोळा पहिल्यांदा घुमटावर बसला तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही, खोकल्यासारखा झाला. तिसऱ्या फटक्याला घुमटाखालची गोल भिंत उघडी पडली आणि धुळीतून क्षणभर येशूच्या त्या चेहऱ्याचा उरलेला डोळा आकाशाकडे दिसला. मग तोही खाली गेला. मी घरी आले. मुलीने विचारलं, "वॉज इट लाउड?" मी म्हणाले, फार नाही.

राखणदार त्यानंतर वर्षभर जगला. मला त्याच्या गटातल्या एकाने फोन करून कळवलं. अंत्यविधी त्यांनी भाड्याने घेतलेल्या एका हॉलमध्ये होता, टायरच्या दुकानाशेजारी. मी पोचले तेव्हा बर्फ भुरभुरत होता. त्याची बायको हॉलच्या बाहेर, गाड्या लावायच्या जागेत, एकटी उभी होती. काळा कोट, काळा रुमाल.

"आत नाही का जायचं?" मी विचारलं.

"आत यांचा धर्मगुरू आहे."

"आज तरी..."

"ते माझ्यासाठी आले असते?" ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. "नसते आले. त्यांना माहीत होतं मी येणार नाही. आम्ही बोललो होतो त्यावर. दवाखान्यात."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दाराजवळ उभी राहा, ऐकू येईल."

पण ते दार जाड होतं आणि शेजारी टायरवाल्याचं हवेचं मशीन चालू होतं. काही ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मला आत जाता आलं असतं. मी कुठल्याच बाजूची नव्हते, मला कुणी अडवलं नसतं, पण तिला एकटीला सोडून जाववलं नाही. आणि खरं तर आतल्या लोकांना तोंड दाखवायचं धैर्यही नव्हतं. शवपेटी बाहेर आली तेव्हा ती दोन पावलं पुढे गेली. उचलणारे थांबले नाहीत. गाडीत पेटी ठेवून दार लावलं, गाडी निघाली. गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

मी तिला घरी सोडते म्हणाले. ती नको म्हणाली, बसने जाईन. बसथांब्यापर्यंत तिने माझा हात धरला होता. बस यायला वेळ होता. मी खूप दिवस मनात घोळवलेलं बोलले, की तो शब्द मी लिहायला नको होता, मला वाटलं होतं तुम्ही सही कराल.

तिने माझ्याकडे पाहिलं. "तू लिहिलं नसतंस तरी आम्ही केली नसती," ती म्हणाली. हे तिने माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं की नाही, मला कळलं नाही. समाधान झालं नाही.

खटला पुढे चालूच राहिला. आधी इमारतीसाठी होता, आता रिकाम्या प्लॉटसाठी आणि गोदामातल्या वस्तूंसाठी. निकाल कधीतरी लागला, एका गटाच्या बाजूने. तोपर्यंत तो गट एका स्टेशन वॅगनमध्ये मावेल एवढा उरला होता. त्यांची मुलं दूरदूरच्या गावांत नोकऱ्या करत होती, त्यांना ती भाषा वाचता येत नव्हती. गोदामात पाणी शिरून चित्रांचे रंग उकलल्याचं कुणीतरी सांगितलं. ते खरं की खोटं याची मी चौकशी केली नाही.

दशक संपता संपता तिकडच्या देशातून बातम्या येऊ लागल्या. लोक रस्त्यावर उतरत होते, टीव्हीवर तो झेंडा दिसला, उघड्या हवेत, हजारोंच्या हातात. मी ताबडतोब उठून गाडी काढली आणि राखणदाराच्या घरी गेले. म्हातारीला सांगायचं होतं, किंवा तिच्याबरोबर बघायचं होतं. दार एका तरुण गुजराती बाईने उघडलं. आधीची आजी कधीच गेली, ती म्हणाली, वारली की कुणाकडे राहायला गेली ते घरमालकालाही नक्की ठाऊक नाही. मागे स्वयंपाकघरात तिचा टीव्ही चालू होता, कसलातरी खेळाचा कार्यक्रम. तिने मला आत बोलावलं, चहा घ्या म्हणाली. मी नको म्हणाले आणि पायऱ्या उतरून गाडीत जाऊन बसले. किल्ली मांडीवर ठेवली.